रसायन अभियांत्रिकीची पदवी : विद्यापीठ कसे निवडावे?



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्या संस्थेच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. हातात गुणपत्रिका, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले, आणि ओठांवर एकच प्रश्न असतो, "साहेब, कोणतं कॉलेज चांगलं?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देणे हा मुलांवर अन्याय आहे. हा अन्याय आमच्या हातूनही एकदा घडला आहे. या लेखाचे निमित्त तेच आहे, म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका एस.टी. चालकाच्या मुलास केंद्रीय प्रवेश फेरीत रसायन अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा शासनाच्या विद्यापीठातील होती, पण गाव दूरचे होते. आई घाबरली. वडील आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो, "एवढ्या लांब कशाला पाठवता? जवळच एक नवे कॉलेज निघाले आहे. इमारत तर पाहण्यासारखी आहे." मुलाने मिळालेली जागा सोडली व जवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. शुल्कमाफीचा अर्ज भरायला गेल्यावर कळले, की केंद्रीय फेरीबाहेरच्या प्रवेशास ती सवलत लागू नाही. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत गेल्यावर कळले, की वाफ देणारा बॉयलर दोन वर्षांपासून बंद आहे. प्रयोग वहीत होत होते, यंत्रावर नव्हे. चार वर्षांच्या पदवीस सहा वर्षे लागली आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतील पैसा त्यात गेला. दोष मुलाचा नव्हता, वडिलांचाही नव्हता. चौकशी न करता सल्ला देणाऱ्या आमचा होता.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला : कॉलेजचे नाव सांगायचे नाही, निवडण्याची रीत सांगायची. ती रीत या लेखात देत आहोत.

१. ही विद्याशाखा म्हणजे नेमके काय?

रसायनशास्त्र आणि रसायन अभियांत्रिकी या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रयोगशाळेच्या चंबूत शंभर ग्रॅम पदार्थ कसा तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ शोधतो. तोच पदार्थ रोज शंभर टन, परवडेल अशा खर्चात, स्फोट न होता आणि नदी न नासवता कसा तयार करावा, हे रसायन अभियंता ठरवतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून पाक केला जातो. समजा, १००० किलो रस आला व त्यात १५ टक्के घन पदार्थ विरघळलेले आहेत, म्हणजे १५० किलो. आपल्याला ६० टक्क्यांचा पाक हवा आहे. घन पदार्थ तर १५० किलोच राहणार. म्हणून पाकाचे वजन १५० भागिले ०.६०, म्हणजे २५० किलो. उरलेले ७५० किलो पाणी वाफ करून उडवावे लागेल. यास पदार्थ-संतुलन म्हणतात. सातवीच्या शेकडेवारीवर ते सुटते, आणि रसायन अभियांत्रिकीचा पाया तोच आहे.

आता पुढचा प्रश्न : एवढे पाणी उडवायला इंधन किती? एकाच भांड्यात आटवले तर एक किलो पाणी उडवायला साधारण एक किलोहून थोडी अधिक वाफ लागते. पण पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवण्यास वापरली, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला, तर तेवढ्याच वाफेत जवळजवळ चौपट पाणी उडते. या युक्तीवर आजही साखर कारखाने चालतात.

ही युक्ती यशस्वी करून दाखवणारा मनुष्य कोण होता, हे आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्याचे नाव नॉर्बर्ट रिल्यू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ साली एका कृष्णवर्णीय मातेच्या पोटी त्याचा जन्म झाला. गुलामगिरीचा तो काळ. त्याला हवे ते शिक्षण त्या मुलखात त्याच्यासारख्यास मिळणे शक्य नव्हते. म्हणून तो फ्रान्सला गेला, पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात शिकला आणि तेथेच शिकवूही लागला. मायदेशी परतून त्याने १८४३ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. साखर गाळण्याचा धंदा त्या यंत्राने बदलला. बुद्धी त्याच्याजवळ होतीच. पण ज्या विद्यालयाने त्याला दार उघडले, वाफेचे शास्त्र शिकवले आणि यंत्राजवळ उभे केले, त्या विद्यालयाशिवाय ती बुद्धी वाया गेली असती. संस्था निवडणे म्हणजे काय, हे या एका चरित्रावरून समजते.

चार वर्षांत विद्यार्थी जे विषय शिकतो ते थोडक्यात असे : पदार्थ व ऊर्जा संतुलन, ऊष्मागतिकी, द्रवगतिकी, उष्णता-संक्रमण, वस्तुमान-संक्रमण, रासायनिक अभिक्रिया अभियांत्रिकी, प्रक्रिया नियंत्रण, संयंत्राची रचना व सुरक्षा. रसायनशास्त्राइतकेच गणित व भौतिकशास्त्र येथे लागते. "मला केमिस्ट्री आवडते" एवढ्यावरच येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्या वर्षी त्रेधा उडते. ज्यास गणित मुळीच नको आहे व रसायनशास्त्र मनापासून हवे आहे, त्याने बी.एस्सी.चा मार्ग धरावा. त्यात कमीपणा नाही.

२. पदवीचे नाव नीट वाचा

प्रवेश पुस्तिकेत मिळतीजुळती अनेक नावे असतात. केमिकल इंजिनिअरिंग, केमिकल टेक्नॉलॉजी, पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंग, पॉलिमर, ऑइल टेक्नॉलॉजी, सरफेस कोटिंग, फूड टेक्नॉलॉजी. केमिकल इंजिनिअरिंग ही सर्वसाधारण पदवी आहे. ती घेतलेला पदवीधर खत, औषध, रंग, तेलशुद्धीकरण, सिमेंट, कागद, पाणीशुद्धीकरण अशा कोणत्याही कारखान्यात उभा राहू शकतो. टेक्नॉलॉजीच्या पदव्या एकेका उद्योगाशी बांधलेल्या आहेत. त्या उद्योगात त्यांना मान आहे, पण उद्योग बदलताना थोडी अडचण पडते. गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने नव्हे, तर उद्योगाची आवड म्हणून टेक्नॉलॉजी घ्यावी. चांगल्या संस्थेतील टेक्नॉलॉजीची पदवी सामान्य संस्थेतील अभियांत्रिकीपेक्षा अनेकदा सरस ठरते, हेही ध्यानात असू द्यावे.

३. महाराष्ट्रातील काही प्रमुख संस्था

मुंबईतील माटुंग्याची संस्था सर्वांस ठाऊक आहे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली. जुनी मंडळी आजही तिला यूडीसीटी म्हणतात. २००८ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजेच आयसीटी, हे नाव रूढ झाले. बहुतांश जागा राज्याच्या सीईटीवर व काही जेईई मेनवर भरल्या जातात. २०१८ साली या संस्थेने जालना येथे मराठवाडा परिसर सुरू केला; तेथील अभ्यासक्रमाची रचना माटुंग्याहून वेगळी आहे, ती वाचूनच अर्ज करावा.

डॉ. रघुनाथ माशेलकर याच माटुंग्याच्या संस्थेचे विद्यार्थी. गोव्यातील माशेल गावी १९४३ साली जन्म, लहानपणीच वडिलांचे निधन, आईसोबत गिरगावात काढलेले हलाखीचे दिवस, आणि १९६६ साली येथून रसायन अभियांत्रिकीची पदवी. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. याच संस्थेतील प्राध्यापक मनमोहन शर्मा हे १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  संस्थेचा लौकिक दगडी भिंतींनी नव्हे, तर अशा शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी उभा केला.

नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे एल.आय.टी., १९४२ सालची. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठास दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विदर्भातील विद्यार्थ्यांनी केवळ मुंबई-पुण्याच्या ओढीने या संस्थेकडे दुर्लक्ष करू नये.

रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. रसायन व पेट्रोकेमिकल या दोन्ही शाखा तेथे आहेत, आणि महाड व रोह्याच्या रासायनिक औद्योगिक वसाहती जवळ आहेत. येथे एक खबरदारी सांगतो. २०१७ पासून राज्यभरातील अनेक खासगी महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा लोणेरे येथील स्वतःचा परिसर आणि संलग्न महाविद्यालय यांत फरक आहे. पदवीवरील नाव एकच दिसले तरी शिक्षक, प्रयोगशाळा व शुल्क वेगळे असते.

जळगाव येथे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. खानदेशातील विद्यार्थ्यांस ती सोयीची आहे.

केंद्रीय संस्थांत पवईची आय.आय.टी. (स्थापना १९५८) आणि नागपूरचे व्ही.एन.आय.टी. येथे ही शाखा आहे. आय.आय.टी.साठी जेईई ॲडव्हान्स्ड, तर एन.आय.टी.साठी जेईई मेन द्यावी लागते. एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. आमची मुले पुष्कळदा सीईटी देतात, पण जेईई मेनचा अर्जच भरत नाहीत. "ती आपल्यासाठी नाही" असे घरीच ठरवून टाकतात. अर्ज भरला म्हणून काही हरत नाही. न भरल्याने मात्र एक दार आपल्या हाताने बंद होते.

याखेरीज राज्यात अनेक विनाअनुदानित महाविद्यालये आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत व काहींत फक्त इमारत उत्तम आहे. फरक कसा ओळखावा, ते पुढे सांगतो.

४. सहा कसोट्या

पहिली कसोटी : मान्यता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता व कोणत्या विद्यापीठाची पदवी मिळणार, हे आधी पाहावे. त्यानंतर एनबीएचे मूल्यांकन पाहावे. नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, एनबीएचे मात्र एकेका अभ्यासक्रमाचे. संगणक शाखेस एनबीए मिळाले म्हणून रसायन शाखेसही मिळाले असे नाही. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाल्यापासून, त्या चौकटीत एनबीएने मान्य केलेल्या पदवीस परदेशी शिक्षणासाठी व व्यवसायासाठी वजन आले आहे. मूल्यांकनाची मुदत कधी संपते, हेही विचारावे.

दुसरी कसोटी : शिक्षक. विभागात पूर्णवेळ शिक्षक किती? रसायन अभियांत्रिकीतच उच्च पदवी घेतलेले किती? पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले किती? दर सहामाहीस शिक्षक बदलत असतील तर तेथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

तिसरी कसोटी : प्रयोगशाळा. ही आमची सर्वांत आवडती कसोटी आहे, कारण ती डोळ्यांनी पाहता येते. ऊर्ध्वपातनाचा स्तंभ, हीट एक्स्चेंजर, फिल्टर प्रेस, ड्रायर, पॅक्ड कॉलम, अभिक्रियेचे रिॲक्टर ही यंत्रे असतातच. आहेत का, असे विचारू नका. "चालू आहेत का?" असे विचारा. बॉयलर गेल्या आठवड्यात पेटला होता का? एका यंत्रावर किती विद्यार्थी उभे राहतात? चार असतील तर चौघे शिकतात. पंधरा असतील तर दोघे शिकतात आणि तेराजण वही उतरवतात. उत्तर प्राचार्यांकडून नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घ्यावे. तो खरे सांगतो.

चौथी कसोटी : आसपासचे कारखाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात काढलेले सहा आठवडे वर्गातील एका सत्राच्या बरोबरीचे असतात. तुर्भे-माहूलची खत व तेलशुद्धीकरणाची संयंत्रे, तारापूर, अंबरनाथ, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, बुटीबोरी या ठिकाणी विद्यार्थी जातात का? संस्था स्वतः पाठवते, की "तुमचे तुम्ही पाहा" म्हणते? ज्यांचे काका-मामा कारखान्यात अधिकारी नाहीत, अशा आपल्या मुलांसाठी हा प्रश्न फार मोलाचा आहे.

पाचवी कसोटी : निकाल. जाहिरातीत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. आपण विचारावे, की प्रवेश घेतलेल्या साठांपैकी चार वर्षांत किती उत्तीर्ण झाले? मधला विद्यार्थी कोठे लागला? नोकरी मिळालेल्यांपैकी रसायन उद्योगात किती गेले? गेटची परीक्षा देऊन पुढे किती शिकले?

सहावी कसोटी : सुरक्षेचे शिक्षण. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. शीतकरण यंत्रणा बंद होती व वायू निष्प्रभ करण्याच्या यंत्रणा कामास आल्या नाहीत. मेलेल्यांत कारखान्याच्या कुंपणालगतच्या वस्त्यांतील गरीब माणसे सर्वांत अधिक होती. कारखान्याच्या कुंपणाला लागून कोणाची वस्ती असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून संयंत्राची सुरक्षा व सांडपाणी प्रक्रिया हे विषय जेथे मन लावून शिकवले जातात, ती संस्था आम्ही श्रेष्ठ मानतो. आपली मुले त्या कारखान्यात केवळ नोकरीस जाऊ नयेत. 'हा व्हॉल्व्ह बंद करा' असे ठामपणे सांगता येईल एवढे ज्ञान घेऊन जावीत.

५. पैसा, वसतिगृह आणि कागदपत्रे

संस्था कितीही मोठी असली तरी तेथे चार वर्षे टिकता आले पाहिजे. म्हणून शुल्क, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके व प्रवास असा चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. पहिल्या वर्षाचाच हिशेब करणे ही आपली नेहमीची चूक आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी राज्याची शिक्षण व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. दोन्हींसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. लक्षात ठेवा : व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास हा लाभ नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याचे घर याच एका अटीमुळे कर्जात गेले. शिष्यवृत्तीची जी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते, ती शुल्काची रक्कम आहे, घरखर्चाची नव्हे, हेही पालकांनी विसरू नये.

राहण्यासाठी प्रथम संस्थेचे वसतिगृह पाहावे, नंतर समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह. दोन्हीकडे जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेखाली भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम मिळते. तिच्या अटी व तारखा दरवर्षी नीट वाचाव्यात. आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे जी संस्था सर्वांत महाग वाटते, ती आपल्यासाठी कधी कधी सर्वांत स्वस्त असते!

कागदपत्रांविषयी दोन शब्द. राज्याच्या फेरीत राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. केंद्रीय संस्थांसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण त्यासाठी दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. दाखला हाती आल्यावर तो तेथेच उभे राहून वाचावा. चुकीचा दाखला घेऊन ऐन प्रवेशाच्या दिवशी तहसील कार्यालयात धावणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

६. पसंतीक्रम कसा भरावा?

संगणकावरील अर्जात संस्थांचा क्रम आपल्या इच्छेप्रमाणे लावावा. "गेल्या वर्षी तेथे जास्त गुणांवर बंद झाले, मग वर कशाला लिहायचे?" असा विचार करू नये. वरची जागा मिळाली नाही तर खालची आपोआप तपासली जाते, त्यात नुकसान नाही. मात्र जेथे खरोखर जायचे नाही, त्या संस्थेचे नाव पहिल्या क्रमांकावर कधीच लिहू नये. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी. सायबर कॅफेवाल्याच्या हाती अर्ज सोपवून घरी येऊ नये. शेजारी बसून प्रत्येक नाव स्वतः तपासावे.

दहावीनंतर पदविकेकडे गेलेल्या विद्यार्थ्यांनीही निराश होऊ नये. रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. यंत्राशी हाताने ओळख झालेला असा विद्यार्थी पुढे अनेकदा इतरांपेक्षा सरस ठरतो. गणिताची तयारी तेवढी आधी करून ठेवावी.

समारोप

लेखाच्या आरंभी एक चूक सांगितली, आता शेवटी एका मुलीविषयी सांगतो. तीही आमच्याच वस्तीतील. तिला दूरच्या शासकीय संस्थेत जागा मिळाली तेव्हा या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. संस्थेचे दोन कार्यकर्ते तिच्या वडिलांना घेऊन तेथे गेले. वसतिगृह पाहिले, प्रयोगशाळा पाहिली, तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलले. बॉयलर चालू होता. परत येताना वडील गाडीत फारसे बोलले नाहीत. घरी पोहोचल्यावर एवढेच म्हणाले, "जाऊ द्या तिला." पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली. इंग्रजी व्याख्याने तिला समजत नव्हती. वरच्या वर्षाच्या मुलींनी रात्री बसून शिकवले. दुसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली आणि चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडली. आज ती एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेचा विभाग सांभाळते. गेल्या वर्षी आमच्या मार्गदर्शन वर्गात येऊन तिने फळ्यावर पहिले गणित घातले ते उसाच्या रसाचेच.

या दोन विद्यार्थ्यांच्या गुणांत फार अंतर नव्हते. अंतर होते ते एका प्रवासाचे. एका वेळी आम्ही घरी बसून सल्ला दिला, दुसऱ्या वेळी गाडीभाडे खर्चून डोळ्यांनी पाहून आलो.

म्हणून पालकांस आमची कळकळीची विनंती आहे, की कपडे घेताना आपण चार दुकाने फिरतो, मुलाच्या आयुष्याची चार वर्षे देताना निदान दोन संस्था तरी पाहून या. आणि विद्यार्थिमित्रहो, नाव मोठे की लहान याचा विचार करण्याआधी स्वतःस तीन प्रश्न विचारा : येथे मला यंत्रापर्यंत जाता येईल का? येथे मला चार वर्षे टिकता येईल का? आणि मी अडखळलो तर येथे कोणी हात देईल का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ती संस्था तुमच्यासाठी चांगली, मग ती मुंबईत असो, नागपुरात असो वा एखाद्या आडगावी. पुढील जून महिन्यात आमच्या कार्यालयात जरूर या. आम्ही कॉलेजचे नाव सांगणार नाही. पण तुमच्याबरोबर गाडीत बसून ते पाहायला नक्की येऊ.